‘लेकरांचं काय?’ असं विचारणाऱ्यांना

दोन बायका मिळून संसार करतात, किंवा दोन पुरुषांनी एकत्र बिऱ्हाड थाटलं आहे, असं कानावर आलं की आमच्याकडे आधी थट्टा होते. मग किळस व्यक्त होते. मग धर्म आठवतो. एवढं होऊनही समोरची माणसं आपला स्वयंपाक, आपली नोकरी, आपलं भाडं सांभाळत शांत राहिली, की शेवटचा प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कमालीची करुणा असते : “तुमचं तुम्ही बघा हो, पण लेकरांचं काय? उद्या शाळेत पोरं त्याला काय काय बोलतील, याचा विचार केलात का?”

प्रश्न दयेचा वाटतो, म्हणून तो विचारताना कुणाला लाज वाटत नाही. पण शाळेत त्या मुलाला बोलणारी पोरं कुणाची असतात? विचारणाऱ्याचीच मुलं-नातवंडं असतात. ते शब्द त्यांनी घरीच ऐकलेले असतात. टीव्हीवर लुगडं नेसून आलेल्या बाप्यावर घरादाराने हसताना ऐकलेले असतात. गल्लीतल्या एखाद्या नाजूक चालीच्या पोराला थोरल्यांनी मारलेली हाक ऐकून पाठ झालेले असतात. म्हणजे इजा आम्ही करणार, तिची भीती आम्हीच घालणार आणि त्याच भीतीचा दाखला देऊन ‘म्हणून तुम्हाला मूल नको’ असा निकालही आम्हीच देणार. आरोपीलाच साक्षीदार आणि न्यायाधीश होता येतं, अशी ही आमच्या सार्वजनिक जीवनातली एकमेव जागा असावी. (तशा आणखीही आहेत, त्यांची यादी पुन्हा कधी तरी.)

हे मी भिवंडीत बसून लिहितो आहे, आणि आधी भिवंडीकरांसाठी लिहितो आहे. २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर भरलेलं हे शहर यंत्रमागावर उभं आहे, आणि माग चालवणारा माणूस उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण असा कुठून कुठून आलेला आहे. दिवसपाळीचा माणूस उठतो तेव्हा रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होतो. जेवण बिस्सीत, म्हणजे खानावळीत. बायको गावी. मूल तिच्याकडे, नाही तर आजीकडे. जी मुलं इथे आहेत त्यांना खाला सांभाळते, चाची सांभाळते, शेजारची आगरी आजी सांभाळते. बाप एकीकडे, आई दुसरीकडे, मूल तिसरीकडे, अशी घरं धामणकर नाक्यापासून शांतिनगरपर्यंत गल्लोगल्ली सापडतील. ‘आदर्श कुटुंबा’ची मोजपट्टी घेऊन त्यांच्या दारात कुणी उभं राहत नाही, आणि राहूही नये. पोटासाठी दहा पुरुष एका खोलीत वर्षानुवर्षं राहिले तर त्याला आम्ही रोजगार म्हणतो. दोन पुरुष एका खोलीत राहिले आणि ‘आमचं एकमेकांवर प्रेम आहे’ म्हणाले, की घरमालकाला संस्कृती आठवते आणि तो पुढच्या महिन्यात खोली रिकामी करून मागतो.

याच शहरात हनुमान टेकडी आहे. ती वस्ती कशाची आहे हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. धंदा करणाऱ्या बायकांची मुलं तिथे वाढतात, आणि आई कामात असताना त्यांना भरवणारी, निजवणारी, ताप आला तर रिक्षात घालून दवाखान्यात नेणारी बहुतेक वेळा दुसरी एक बाईच असते. या दोघींमध्ये प्रेमसंबंध असेल किंवा नसेल, मुलाला त्याचा हिशेब नाही. त्याच्या लेखी घर म्हणजे या दोघी. रात्री टेकडी चढणारे पुरुष सकाळी सभ्य नागरिक होतात, आणि त्यांचीच पोरं वर्गात त्या मुलाला विचारतात, “तेरा बाप कौन?” वस्तीत श्री साई सेवा संस्थेसारख्या संस्था काम करतात. पण वर्गातल्या त्या प्रश्नाशी झगडण्याचं काम संस्थेच्या कार्यकर्तीचं नाही. ते वर्गशिक्षकाचं आहे. दोन आयांच्या किंवा दोन बापांच्या घरातलं मूल याच वर्गात, याच प्रश्नासमोर उभं असतं. म्हणून हा विषय अमेरिकेतून आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गावातला बाक बघावा.

“पण असल्या जोडप्यांना मुलं होतात तरी कशी?” असा एक शहाजोग सवाल असतो. आमच्याकडे ती कशी होतात ते सांगतो. मुलगा ‘तसा’ आहे याची कुणकुण आईला असते, मोठ्या बहिणीला असते, पुष्कळदा मामालाही असते. घरात त्यावर औषध एकच : लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. मुलीचं तर विचारायचंही नसतं. तिला काय आवडतं हा प्रश्न बस्ता बांधताना साडीच्या रंगापुरता असतो. मांडव पडतो, हळद लागते, वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पुण्यातल्या समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे स्वतः अशा लग्नातून आणि घटस्फोटातून गेले. त्यांनी २००२ मध्ये ही संस्था काढली, मराठीत ‘पार्टनर’सारखी कादंबरी लिहिली. या विषयावर मराठीत बोलायला शब्द नाहीत ही सबब तेव्हाच संपली. पण मांडव पडायचे थांबले नाहीत.

मग पुढे कधी तरी, मनाविरुद्ध मांडवात उभ्या केलेल्या अशा एखाद्या ‘तशा’ बाईला हे नाटक असह्य होतं. ती मूल घेऊन बाहेर पडते. एखादी मैत्रीण तिच्या पाठीशी उभी राहते, दोघी मिळून बिऱ्हाड करतात. आता हे मूल दोन बायकांच्या घरात वाढतं. हे घर कुणी घडवलं? ज्यांनी तिच्या अंगाला हळद लावली त्यांनी. त्यांनी तिला खरं बोलायची मुभा दिली असती, तर त्या लग्नातला तिचा नवराही फसला नसता. त्याचाही यात काही दोष नव्हता. पण दोष वाटायची वेळ आली की मांडवातली सगळी मंडळी अदृश्य होतात आणि उरते ती एकटी बाई. सासरकडून निरोप येतो : “कोर्टात सांगू तू कशी आहेस ते, मूल मिळेल का बघ.” या एका वाक्याच्या धाकाखाली किती घरं दबून बसली आहेत, ते खानेसुमारीत कधी येणार नाही.

या धाकाने घडतं काय, तर मुलाला खोटं शिकवावं लागतं. घरात जिला ते आई म्हणून हाक मारतं, तिला पाहुण्यांपुढे मावशी म्हणायचं. शाळेत तिचं नाव काढायचं नाही. चित्रकलेच्या तासाला ‘माझे घर’ काढताना तिसरं माणूस काढायचं नाही, आणि काढलंच तर ते भाडेकरू आहे म्हणायचं. वाढदिवसाला वर्गातल्या मुलांना घरी बोलवायचं नाही, कारण घरात पलंग एकच आहे. सहा-सात वर्षांचं पोर कोणत्या दारात कोणता शब्द वापरायचा हे अचूक लक्षात ठेवतं, आणि त्या ओझ्यापायी गणितात मागे पडलं की मास्तर म्हणतात, घरचं वातावरण ठीक नाही.

आता कायद्याकडे या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास सोडवला, त्यामुळे प्रेम करणं गुन्हा राहिला नाही. पण प्रेम करणाऱ्यांचं घर हे घर ठरलं नाही. दत्तकाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे, सावत्र पालक आणि नातलगांचं दत्तक वगळता, जोडप्याला मूल हवं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन लागतं. एकट्या बाईला मूल दत्तक मिळू शकतं. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही, मुलगा मिळू शकतो. त्यातच दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने जून २०२२ मध्ये परिपत्रक काढलं, की लग्नावाचून कुणासोबत राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा अर्ज विचारातच घ्यायचा नाही. याचा सरळ अर्थ असा, की दोघींनी मिळून मूल वाढवायचं ठरवलं तर एकीने सरकारदरबारी ‘मी एकटी आहे’ असं खोटं सांगायचं, आणि पाहणीला माणूस येईल त्या दिवशी दुसरीने आपले कपडे पिशवीत भरून निघून जायचं. खरं बोलणाऱ्याला दार बंद ठेवणारा हा कायदा नंतर मुलाच्या नैतिक संगोपनाची काळजी करतो.

दुसरीच्या वाट्याला काय येतं? रात्र रात्र ताप उतरवला तिने, पण दवाखान्यातल्या संमतीपत्रावर सही तिची चालत नाही. शाळेच्या दाखल्यावर ती नाही. आणि जिच्या नावावर मूल आहे ती उद्या गेली, तर कायद्याच्या दृष्टीने ही बाई त्या मुलाची कुणीही नाही. दहा वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नाही असे काका-मामा त्या दिवशी हक्क सांगायला येऊ शकतात, आणि आईविना झालेल्या मुलाला उरलेल्या आईपासूनही तोडू शकतात. ‘लेकरांचं काय’ हा प्रश्न खरा विचारायचा तर तो इथे विचारा ना! इथे मात्र कुणाचा घसा दाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर हे सगळं मांडलं गेलं होतं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य झाला नाही. दत्तकाच्या मुद्द्यावर मात्र पीठ तीन विरुद्ध दोन असं दुभंगलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांना लग्नाची अट घालणारा दत्तकाचा नियम भेदभाव करणारा वाटला. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि पी. एस. नरसिंह यांनी तो रद्द करायला नकार दिला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, ऑगस्ट २०२४ मध्ये, केंद्राने कळवलं की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले धरावं, आणि त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल. म्हणजे तांदूळ दोघांचा, ठेव दोघांची, मूल मात्र एकट्याचं.

त्या सुनावणीत एक पक्षकार राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग होता. समलिंगी जोडप्यांना दत्तकाचा हक्क देण्याला त्याने विरोध केला, तोही मुलांच्या हिताचं कारण देऊन. दिल्लीच्या बालहक्क आयोगाने त्याच न्यायालयात नेमकी उलट बाजू घेतली, हे इथे सांगायला हवं. राष्ट्रीय आयोगाची एक जुनी गोष्टही सांगायला हवी, कारण ती आपण फार लवकर विसरलो. २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती. लिंगभावाने वेगळ्या मुलांना शाळेत सामावून कसं घ्यावं, चिडवाचिडवी कशी थांबवावी, हे मास्तरांना समजावणारी. आयोगाने तिच्यावर हरकत घेतली आणि काही दिवसांत ती पुस्तिका संकेतस्थळावरून उतरली. आधी, वर्गातला छळ कसा थांबवायचा हे शिकवणाऱ्या पुस्तिकेच्या वाटेत उभं राहायचं. मग दोन वर्षांनी न्यायालयात जाऊन म्हणायचं की मुलांचं हित धोक्यात येईल. मी याला दुटप्पीपणा म्हणत नाही, कारण दुटप्पी माणसाला निदान दोन्ही गोष्टी आठवत असतात.

हित-अहिताचा पुरावा हवा असेल तर तो पडून आहे. अमेरिकेत १९८६ पासून लेस्बियन मातांच्या घरातल्या मुलांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास चालू आहे. त्यातली मुलं सतरा वर्षांची झाली तेव्हाचे निष्कर्ष २०१० मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आले : ती इतर मुलांच्या तुलनेत कुठे कमी पडली नव्हती. २०१४ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास ३१५ पालक आणि ५०० मुलांचा होता. त्यातूनही चित्र तसंच दिसलं. पण दोन्हीकडे एक गोष्ट आढळली आणि तीच मला महत्त्वाची वाटते : ज्या मुलांना समाजाचे टोमणे आणि तिरस्कार जास्त सोसावा लागला, त्यांचं मन आणि प्रकृती त्या मानाने जास्त ढासळली. मूल आजारी पडतं ते आईच्या प्रेमाने नाही. शेजाऱ्यांच्या जिभेने पडतं. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी उपायही शोधला होता : आईशी घट्ट नातं, आणि अशी घरंही असतात हे उघडपणे शिकवणारी शाळा, या दोन गोष्टी मिळाल्या तर त्या तिरस्काराची धार पुष्कळ बोथट होते. भारतीय मानसोपचार संघटनेनेही २०२३ मध्ये जाहीर सांगितलं, की अशा घरातल्या मुलाला कलंक सोसावा लागू शकतो, म्हणून कुटुंब, वस्ती आणि शाळा यांना शहाणं करणं अत्यावश्यक आहे. मूल देऊ नका असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तुम्ही सुधारा, असं म्हणाले.

महाराष्ट्राला तरी हे बाहेरून कुणी सांगायची गरज नव्हती. आईबापांच्या नात्यावरून लेकरांना वाळीत टाकण्याचा आमचा अनुभव सातशे वर्षांचा आहे. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात परतले, आणि त्यांची चार मुलं ‘संन्याशाची पोरं’ ठरली. परंपरा सांगते की धर्ममार्तंडांनी आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि मुलांचं तरी भलं होईल या आशेने त्या दोघांनी जीव दिला. तरी मुलांची सुटका झाली नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठण गाठावं लागलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. आज आषाढीला त्यांच्या पालख्या निघतात तेव्हा आम्ही रस्त्यावर लोटांगण घालतो. पण त्या दिवशी शुद्धिपत्र मागणारे कोण होते, हा प्रश्न आम्ही कीर्तनातही घाईने उरकतो, कारण ते आमच्यासारखेच होते. समाजाचं भलं चिंतणारे, लेकरांची काळजी असणारे.

पुढची गोष्ट जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या घरातली. विधवांच्या मुलांसाठी त्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथेच जन्मलेला काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. मुलगा मोठा झाला, पण जन्माची कथा माहीत असल्यामुळे त्याला कुणी मुलगी देईना. शेवटी सत्यशोधक चळवळीतले ग्यानोबा ससाणे यांनी आपली मुलगी दिली. १८९० मध्ये जोतिराव गेले तेव्हा या दत्तक मुलाने अंत्ययात्रेत टिटवं धरावं की नाही यावर भाऊबंदांनी वाद घातला, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच हातात घेतलं. पुढे तोच यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात आईच्या हाकेला धावून रोग्यांची सेवा करत राहिला. ‘असल्या’ घरातली मुलं पुढे काय होतात याचं उत्तर हवं असेल तर ते पुण्याच्या इतिहासात आहे. यशवंताला काही कमी पडलं असेल तर ते पुण्याच्या इतर घरांकडून, फुल्यांच्या घरात नाही.

आणि आमच्या काळातली गोष्ट गौरी सावंत यांची. पुण्यात जन्मलेल्या, पुढे मालाडच्या मालवणीत ‘सखी चार चौघी’ या संस्थेतून काम करणाऱ्या गौरी तृतीयपंथी आहेत. देहविक्रय करणारी एक बाई एचआयव्हीने गेली, आणि तिची लहान मुलगी विकली जाण्याची चिन्हं दिसू लागली, तेव्हा गौरींनी तिला उचलून घरी आणलं. ना पुरुषाचा आधार, ना कायद्याचा. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या, २०१४ मध्ये निकाल लागलेल्या नालसा खटल्यात त्या याचिकाकर्त्या होत्या. २०१७ मध्ये त्या मायलेकींची कथा एका जाहिरातीत आली आणि देशभर लोकांचे डोळे पाणावले. २०२३ मध्ये ‘ताली’ नावाची मालिका आली, तिच्यावरही टाळ्या पडल्या. आमची करुणा पडद्यावर फार लवकर जागी होते. प्रत्यक्षात तृतीयपंथी आईबरोबर एखादी मुलगी शाळेच्या पालकसभेला आली, तर शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होतात.

मुलांना आधार कुठून मिळतो, हे बघितलं तर दिसतं की तो बहुतेक वेळा एखाद्याच धीट माणसाकडून सुरू होतो. झॅक वॉल्स नावाचा तरुण २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या विधिमंडळात उभा राहिला आणि मला दोन आयांनी वाढवलं आहे, हे त्याने भर सभेत सांगितलं. २०१८ मध्ये लोकांनी त्याला त्याच राज्याच्या सिनेटवर निवडून दिलं. तिथे अशा घरांतल्या मुलांची स्वतःची संघटना १९९० पासून आहे. आपल्याकडे अजून मुलांची अशी संघटना उभी राहिलेली माझ्या नजरेत नाही, पण आईबापांची आहे. ‘स्वीकार’ नावाच्या गटातले पालक आपल्या समलिंगी आणि तृतीयपंथी मुलांच्या बाजूने उभे राहतात. २०२३ मध्ये चारशेहून जास्त पालकांनी, आमच्या हयातीत आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या, असं पत्र सरन्यायाधीशांना लिहिलं. या आजी-आजोबांच्या घरी उद्या नातवंडं येतील. त्यांना ‘मावशी’ आणि ‘आई’ यांतला फरक घोकावा लागणार नाही. दक्षिणेतल्या न्यायालयांनीही वाट थोडी मोकळी केली आहे. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, की कुटुंब लग्नाबाहेरही उभं राहतं, माणसं ते निवडू शकतात. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने एका तृतीयपंथी जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘आई’ आणि ‘वडील’ या रकान्यांऐवजी नुसतं ‘पालक’ लिहायला लावलं. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. निर्णय चांगला आहे, त्यात खोट काढायची नाही. पण ज्या घरात वडील हा रकाना भरताच येत नाही, त्या मुलाचं नाव कसं लिहायचं हे क्लार्कला अजून उमगलेलं नाही.

आणि कामाठीपुऱ्याचा दाखला भिवंडीने जवळून बघावा. १९८८ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेने तिथे धंदा करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. आई वाईट आहे, तेव्हा मूल तिच्यापासून तोडा, असं त्यांनी म्हटलं नाही. ज्या तासांत मूल धोक्यात असतं ते तास त्यांनी सांभाळले. दोन आयांच्या मुलाचे धोक्याचे तास रात्रीचे नाहीत. ते सकाळी साडेदहाला शाळेची घंटा झाल्यावर सुरू होतात.

यावर आमच्याकडचे शहाणे म्हणतील, समाज बदलायला वेळ लागतो, तोवर मुलांना कशाला यात ओढायचं? भिवंडीत उभं राहून तरी हे बोलू नका. १९७० ला हे शहर दंगलीत पेटलं, १९८४ ला पुन्हा पेटलं. नंतर सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त होते, त्या काळात मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. मशिदीचे विश्वस्त, गणपती मंडळाचे कार्यकर्ते, कारखानदार, माग चालवणारे कामगार आणि पोलीस एका सतरंजीवर बसले, एकमेकांची नावं शिकले, अफवा आली की आधी एकमेकांना विचारू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी पडली, मुंबई जळत होती, आणि भिवंडी शांत राहिली. दंगल होते म्हणून हिंदू-मुसलमानांनी शेजारी राहणंच बंद करावं, लेकरांचं काय, असा उपाय त्या सतरंजीवर कुणी सुचवला नाही. ज्या हातात दगड येण्याची शक्यता होती, त्या हाताशी बोलणं झालं.

तशी सतरंजी आजही कायद्याने अंथरून ठेवलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती ठेवावी लागते, आणि तिच्यात तीन चतुर्थांश माणसं पालक असतात. आपल्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. या समितीला बोलायला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागत नाही, आयोगाची लागत नाही, मागे घेतलेल्या पुस्तिकेचीही लागत नाही. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्या. वर्गात कुणाला आईबापावरून चिडवलं तर वर्गशिक्षक नेमकं काय करणार. प्रवेश अर्जावर पालक म्हणून दुसऱ्या बाईचं नाव आणि फोन नंबर नोंदवायला कार्यालयातला माणूस कोणत्या नियमाने नाही म्हणतो. आणि गेल्या स्नेहसंमेलनात पोराला साडी नेसवून, टाळ्या वाजवायला लावून जो विनोद बसवला होता, तो बसवणारे सर कोण, आणि पहिल्या रांगेत बसून हसणारे कोण कोण होते.